पहिल्याच दिवशी 'कच्ची' ठरले, आता काय करू?

या वेळचं पत्र लातूरच्या एका मुलीचं. मोठं होतं, थोडं कापलंय.

"ताई, माझं एमकॉम झालंय. तीन महिन्यांपूर्वी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स टीममध्ये लागले, १८ तारखेला जॉईन झाले. त्याच दिवशी सगळ्यांसमोर इंग्लिशमध्ये इंट्रो द्यायला सांगितला, दोन वाक्यं बोलले आणि ब्लँक झाले. मग कुणीतरी विचारलं लॉगिन झालं का, मी म्हणाले 'हो, करायलेय', त्यावर दोघंतिघं हसले. सर म्हणाले 'जरा कच्ची आहे, शिकेल हळूहळू'. तेव्हापासून मला बिलं स्कॅन करणं, व्हाउचर फाइलला लावणं आणि एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट एवढंच काम. माझ्यासोबत लागलेला मुलगा फाडफाड इंग्लिश बोलतो, तो व्हेंडरचे कॉल घेतो, रिव्ह्यूला बसतो, आणि त्याचा रेको (दोन बाजूंच्या हिशेबाची जुळवणी) जुळला नाही की संध्याकाळी मीच जुळवून देते. आमच्या सीनियर मॅडम खडूस आहेत हे पहिल्याच दिवशी कळलं, 'इंट्रो वगैरे राहू दे, आधी लेजर वाच' म्हणाल्या, मी त्यांच्याशी बोलतच नाही. इथे पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास आहे, फी ३० हजार, ते म्हणतात इम्प्रेशन सात सेकंदात पडतं आणि त्यातलं ५५ टक्के बॉडी लँग्वेजचं असतं. लावू का? की नोकरीच बदलू?"

अगं, आधी क्लासचं बोलते कारण तिथे तुझे पैसे जातील. नको लावूस. नोकरीही आत्ता नको बदलूस, त्याचं पुढे सांगते.

ते ५५ टक्क्यांचं प्रकरण आहे ना, ते प्रत्येक सॉफ्ट स्किल्सवाला फळ्यावर गोल काढून समजावतो, चेहरा ५५, आवाज ३८ आणि शब्द फक्त ७ टक्के. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांमधून आलेत. त्यात लोकांना सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल आवड आहे की नावड ते ओळखायला सांगितलं होतं. बास. म्हणजे कुणी तोंडाने 'छान' म्हणतंय पण सूर कडू आहे, तर आपण सुराला खरं मानतो, एवढाच त्याचा अर्थ, आणि हे फक्त आवडनिवडीच्या भावनांपुरतं आहे असं स्वतः मेहराबियननेच सांगितलंय. ऑफिसातल्या सगळ्या बोलण्याला ते लावायचं म्हटलं तर तू या महिन्यात किती आयटीसी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीचा क्रेडिट, अडकलाय ते सरांना हातवारे करून सांगू शकली असतीस. तीस हजार रुपये घेऊन हे शिकवतात, कमाल आहे.

पण म्हणून फर्स्ट इम्प्रेशन वगैरे सगळं झूट असतं असं मी म्हणणार नाही, कारण ते तुला खोटं सांगितल्यासारखं होईल. पडतं, आणि सात सेकंद तर फारच झाले. प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीत जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर तोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, त्यात लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ दाखवले आणि विचारलं, हा माणूस भरवशाचा वाटतो का, कामाचा वाटतो का, आवडेल का. लोकांनी उत्तरं दिली. मग दुसऱ्यांना तेच चेहरे हवा तेवढा वेळ बघू दिले, तर उत्तरं जवळपास तीच. आणि बघायला जास्त वेळ मिळाला तेव्हा मत फारसं बदललं नाही, फक्त स्वतःच्या मताची खात्री वाढली! मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात भीतीदायक काही वाटत असेल तर ते हेच, की जास्त बघितल्याने माणूस शहाणा होतोच असं नाही, कधीकधी नुसता ठाम होतो. आणि हे मत खरं होतं का, हे तर त्यात कुणी तपासलंच नव्हतं, चेहरा बघून कामाचा वाटणारा माणूस खरंच कामाचा निघतो का हा प्रश्न वेगळाच.

त्याहून जुना प्रयोग सॉलोमन ॲशचा, १९४६ चा. एका माणसाचं वर्णन म्हणून लोकांना सहा शब्द वाचून दाखवले, हुशार, कष्टाळू, उतावळा, टीका करणारा, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमाने. शब्द तेच, माणूस तोच, पण 'हुशार' आधी ऐकलेल्यांना तो एकंदरीत बरा वाटला, 'मत्सरी' आधी ऐकलेल्यांना नकोसा. आता हे तुझ्या टीमला लाव. तुझ्याबद्दल पहिला शब्द पडला 'कच्ची'. पुढे तू एखादी एन्ट्री दोनदा तपासलीस तर ती 'हळू काम करते' होते आणि त्या मुलाने दोनदा तपासली तर तो 'केअरफुल' होतो. काम एकच.

म्हणजे सरांच्या डोक्यात तुझ्याबद्दल एक मत बसलंय हे खरंय. पण मला विचारशील तर तुझं खरं नुकसान त्या मताने होत नाहीये, त्या मतामुळे तुझ्या टेबलवर जे येतंय त्याने होतंय. हा फरक नीट लक्षात घे कारण माझं पुढचं सगळं त्यावरच आहे. बिलं स्कॅन करण्यात हुशारी दिसायला जागाच नाही ना! महिनाभर स्कॅनिंग चोख केलंस तरी कुणी 'वा, पोरगी पक्की आहे' म्हणणार नाही, आणि एक पान उलटं गेलं तर 'बघ, म्हटलं नव्हतं' होणार. म्हणजे आधी मत बनलं, मताप्रमाणे काम दिलं, आणि त्या कामातून दुसरं काही दिसण्याची सोयच राहिली नाही, तर सरांना आपलं वाटतंय की मी माणसं बरोबर ओळखतो.

हे मी हवेत बोलत नाहीये. प्रिन्स्टनमध्येच वर्ड, झॅना आणि कूपर या तिघांनी १९७४ मध्ये एक काम केलं. त्यांना आधी दिसलं की गोरे मुलाखतकार काळ्या उमेदवाराशी बोलताना जरा लांब बसतात, बोलताना जास्त अडखळतात आणि मुलाखत लवकर गुंडाळतात. कुणी शिव्या देत नाही, अपमान करत नाही, फक्त एवढंच. मग त्यांनी उलट करून बघितलं, मुलाखतकारांना शिकवून तयार केलं आणि काही गोऱ्या उमेदवारांना मुद्दाम तशीच वागणूक दिली, लांब बसणं, अडखळणं, लवकर आटोपणं. ते गोरे उमेदवार मुलाखतीत ढेपाळले! घाबरल्यासारखे बोलले, मार्क कमी मिळाले. म्हणजे आधी जे 'उमेदवार कमी पडला' वाटत होतं त्यातलं बरंच खुर्चीच्या त्या बाजूने आलेलं होतं. अमेरिकेतला वर्णभेद आणि तुझं ऑफिस एकाच मापाने मोजायचं नाही, ते दुखणं फार मोठं आहे, पण लांब बसवलेल्या माणसाचं काय होतं हे त्यातून कळतं. तू इंट्रोला ब्लँक झालीस तेव्हा समोरचे कसे बघत होते, कुणी मान हलवत होतं का, की सगळे लॅपटॉपमध्ये होते, हे तू लिहिलेलं नाहीस. मला जाणून घ्यायला आवडलं असतं.

आणि ते 'करायलेय'. यावर मला जरा रागच आलाय त्यामुळे पटकन बोलून मोकळी होते. लातूर-नांदेडकडे लाखो लोक 'करायलोय, जायलोय, सांगायलेय' असंच बोलतात, ते चुकीचं मराठी नाही आणि कच्च्या हिशेबाचा पुरावा तर अजिबात नाही. पुण्यात राहणाऱ्यांनी आपलं बोलणं म्हणजेच मराठी असं धरून ठेवलंय, त्याला काय करणार. ही बोली घासून काढायच्या मागे लागू नकोस, अर्धं लक्ष शब्द निवडण्यात गेलं की कामाचं बोलताना जीभ अजून अडखळेल. जे हसले त्यांना आता ते आठवतही नसेल अशी दाट शक्यता आहे. कॉर्नेलमध्ये टॉम गिलोविचने एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचा प्रयोग केला होता, २००० साली छापला तो, टीशर्ट घालणाऱ्यांना वाटलं निम्म्या लोकांनी तरी बघितला असेल, प्रत्यक्षात बघणारे निघाले साधारण चौथा हिस्सा. पण हो, सरांचं मत त्या हसण्यासोबत विरलं नाही, म्हणून 'कुणाला काय आठवतंय' म्हणून मी तुला घरी पाठवणार नाही.

इंग्लिश इंट्रोचं मात्र तयार करून ठेव, त्यात काही कमीपणा नाही. चार वाक्यं, नाव, कुठली, काय शिकलीस, आत्ता कुठलं काम बघतेस. आंघोळ करताना म्हण, पीजीतल्या मैत्रिणीला ऐकव. पुढच्या वेळी क्लायंट आला किंवा ऑडिटर आले की परत विचारणारच आहेत. याला ३० हजार लागत नाहीत.

आता काय करायचं ते. सरांकडे जाऊन 'माझ्याबद्दल तुमचं मत चुकीचं आहे' असं बोलायचं नाही, आपल्या मताविरुद्ध कुणी वकिली केली की माणूस ते अजून घट्ट धरतो, सर लोक तर जास्तच. त्यांच्याकडे काम मागायचं. मोघम 'सर मला काहीतरी चांगलं काम द्या' नाही, नेमकं एक काम. मी तुझ्या जागी असते तर टूबीचं मिसमॅच मागितलं असतं. तुला माहितीच आहे पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, व्हेंडर लोक आपली विक्रीची बिलं जीएसटीआर वन या रिटर्नमध्ये भरतात, महिन्याला भरणाऱ्यांची मुदत ११ तारीख, १४ तारखेला आपल्याला जीएसटीच्या पोर्टलवर टूबी, म्हणजे त्या बिलांची यादी, दिसतं, आणि २० तारखेपर्यंत थ्रीबी, म्हणजे आपलं महिन्याचं कराचं रिटर्न, भरायचं असतं. ज्या व्हेंडरने बिल टाकलं नाही त्याचा क्रेडिट त्या महिन्यात घेता येत नाही, म्हणजे कंपनीच्या खिशातून तेवढे पैसे जास्त जातात. १४ ते २० या दिवसात पर्चेस रजिस्टर आणि टूबी समोरासमोर ठेवून कोण राहिलाय ते काढणं आणि त्याच्या मागे लागणं, हे काम बहुतेक ऑफिसात कुणालाच नको असतं. किचकट आहे, फोन करावे लागतात, व्हेंडरचा अकाउंटंट उचलत नाही. पण त्याच्या शेवटी रुपयात आकडा येतो आणि तो आकडा सरांच्या वरच्या साहेबांनाही कळतो.

असं काम निवडायचं कारण तेच, की त्यात तू कशी बोलतेस ते मध्ये येत नाही, जुळलं की जुळलं. आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे व्हेंडर लातूर, धाराशिव, सोलापूर, चाकण असले कुठले कुठले असणार, त्यांच्या अकाउंटंटशी 'दादा, जूनचं बिल टाकायचं राहिलंय बघा तुमचं' असं बोलायला तुझ्यासारखीच हवी, तो फाडफाड इंग्लिशवाला तिथे काय करणार आहे.

मागताना सरांना असं काहीतरी म्हण, 'सर, पहिल्या दिवशी मी गोंधळले होते, इंग्लिशमध्ये इंट्रो त्याआधी कधी दिलाच नव्हता. हिशेबात मी गोंधळत नाही. पुढचे तीन महिने टूबीचं मिसमॅच मला द्या, १७ तारखेला रिपोर्ट तुमच्याकडे येईल.' यातलं पहिलं वाक्य गाळू नकोस. का सांगते, थॉमस मान आणि मेलिसा फर्ग्युसन यांचं २०१५ चं एक काम आहे, त्यात लोकांना एका माणसाची गोष्ट सांगतात, हा शेजाऱ्यांच्या घरात घुसला, मोडतोड केली, वस्तू उचलून नेल्या. सगळ्यांना तो वाईट वाटतो, साहजिकच. मग कळतं की घरांना आग लागली होती आणि त्याने उचलून नेलं ते म्हणजे आतली लहान मुलं. एका क्षणात मत फिरतं, आणि नुसतं तोंडदेखलं नाही, आतून. त्या माणसाबद्दल नुसती वेगळी एखादी चांगली गोष्ट सांगितली तर एवढं होत नव्हतं, जुन्या गोष्टीचाच अर्थ बदलला तेव्हा झालं. तुझ्या सरांकडे त्या दिवसाचा एकच अर्थ आहे, कच्ची आहे म्हणून अडखळली. त्यांना दुसरा अर्थ तूच द्यायला हवा, आणि तोही एकाच वाक्यात, रडगाणं नको, लगेच पुढे कामाचं बोलायचं.

मग १७ ला मेल टाकायचा. लांबलचक नको. किती व्हेंडरची किती बिलं टूबीत नाहीत, त्यात क्रेडिट किती अडकलाय, किती जणांशी बोलणं झालं आणि ते कधी टाकतो म्हणालेत. एक्सेल शीट जोडायची. पहिल्या महिन्याला 'बरं, ठीक आहे' येईल किंवा तेही येणार नाही, त्यातही सरांना वाटेल की कुणीतरी मदत केली असणार, धरून चाल. दुसऱ्या महिन्याला तोच मेल त्याच तारखेला. तिसऱ्याला. एकदा चांगलं काम झालं तर लोक नशिबावर ढकलतात, दर महिन्याला ढकलायला जरा अवघड जातं.

आणि त्या मुलाचे रेको रात्री जुळवून देणं बंद. मला माहितीये तू चांगुलपणाने करतेस आणि तोही वाईट नसेल बिचारा, पण विचार कर, तू स्वतःच्या कष्टाने त्याचं फर्स्ट इम्प्रेशन टिकवून ठेवतेयस! त्याच्या चुका सरांपर्यंत पोचतच नाहीत. मदत करायचीच असेल तर दिवसाढवळ्या, त्याच्या टेबलवर, बाकीच्यांना दिसेल अशी कर.

आता मॅडम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा मला हसू आलं, राग मानू नकोस. तुला सरांचा राग कशाचा, तर पहिल्याच दिवशी एका प्रसंगावरून त्यांनी तुला कच्ची ठरवलं याचा. आणि मॅडम खडूस आहेत हे तुला कधी कळलं? पहिल्याच दिवशी, एका वाक्यावरून. तेही १८ तारखेला! अगं, अकाउंट्समध्ये १८ तारखेला कोण गोड बोलतं? थ्रीबीला दोन दिवस, टूबी जुळत नाहीये, व्हेंडर फोन उचलत नाहीत, आणि त्यात नवीन मुलीचा इंट्रो चाललाय. त्या दिवशी माझी सख्खी आई अकाउंट्समध्ये असती तरी खडूसच वाटली असती. ज्या प्रसंगात माणूस दिसला तो प्रसंग बाजूला काढायचं तुलाही सुचलं नाही आणि सरांनाही सुचलं नाही. शिवाय त्या काय म्हणाल्या ते परत वाच, 'इंट्रो राहू दे, आधी लेजर वाच'. त्या अख्ख्या खोलीत तुला इंग्लिश यावं अशी अपेक्षा न ठेवता थेट खऱ्या कामावर बसवायला निघालेल्या त्या एकट्याच होत्या. मला तर त्या तुझ्या बाजूच्या वाटतात. नसतीलही, खरंच खडूस निघतील, पण तीन महिने न बोलता ते कसं कळणार, तू पण त्यांच्या टेबलवर स्कॅनिंगच ठेवलंयस म्हणायचं.

तर मॅडमशी बोल, आणि ४-५ तारखेला बोल, १८ ला नको. 'मॅडम, मागच्या वर्षीचं टूबीचं वर्किंग बघायला मिळेल का, समजून घ्यायचंय' एवढंच. कामाचं विचारणाऱ्या ज्युनियरला खडूस म्हणवल्या जाणाऱ्या सीनियर बायका किती जीव लावून शिकवतात ते मी पुष्कळ ऑफिसात बघितलंय, त्यांना नकोशी असते ती गोडगोड बडबड.

नोकरी बदलायचं म्हणालीस. नेमकं काम मागितलंस आणि सरांनी दिलंच नाही, किंवा दिलं, तीन-चार महिने तू ते चोख केलंस, आणि तरी रिव्ह्यूला तुझी शीट तो मुलगा वाचून दाखवतोय, तर मग हा पहिल्या दिवसाचा प्रश्न राहिला नाही, त्या माणसाला तुला वर येऊ द्यायचं नाही असं समज आणि खुशाल सोड. तेव्हा सीव्हीमध्ये लिहायला 'बिल स्कॅनिंग' ऐवजी टूबी असेल. आणि पुढच्या ठिकाणी अर्ज करताना जिथे मुलाखतीआधी टॅली किंवा एक्सेलची टेस्ट घेतात अशा जागा आधी बघ. सगळ्यांना तेच प्रश्न, तीच टेस्ट असली की बोलण्याच्या झगमगाटावर कमी ठरतं, तुझ्यासारखीला ते बरं. आत्ता मात्र सोडलंस तर नव्या ऑफिसात परत पहिला दिवस, परत इंट्रो, आणि हातात दाखवायला काही नाही.

एक क्रम तेवढा पाळ. आधी मॅडम, मग सर. मॅडमकडून वर्किंग समजून घेतलंस की सरांशी बोलताना 'मॅडमनी मला मागच्या वर्षीचं दाखवलंय' एवढं वाक्य तुझ्याकडे असेल, आणि सरांनी मॅडमना विचारलं 'जमेल का हिला?' तर त्या वेळी मॅडमना तुझ्याबद्दल काहीतरी माहिती असलेली बरी, नाहीतर त्याही सांगतील, 'काय माहीत, ती माझ्याशी बोलतच नाही.'